आधीच ठरलेली सुट्टी नव्या कंपनीला कधी सांगायची? पहिल्या राउंडला तर नक्कीच नाही

पिंपळपान:
काल लिंक्डइनवर एका रिक्रूटरबाईंची पोस्ट वाचली आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये. थोडक्यात सांगतो. उमेदवाराचे सगळे राउंड उत्तम झाले, ऑफर कळवली, तेव्हा तो म्हणाला की जॉइन झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात मला आठवडाभर सुट्टी लागेल, तिकिटं आधीच काढलीयेत. बाईंनी ऑफर मागे घेतली, आणि वर लिहिलं की ज्याला कामापेक्षा सहल मोठी वाटते तो वेळीच ओळखू आला. खाली सगळे वा वा करतायत.

अहो पण त्या माणसाने चूक काय केली? लपवून जॉइन झाला नाही, सही करायच्या आधी सांगितलं. अजून कधी सांगायला हवं होतं, पहिल्या फोनवर? पहिला फोन म्हणजे करंट सीटीसी (वर्षाचा एकूण पगार) किती, एक्स्पेक्टेड किती, नोटिस पिरियड किती, संपला. त्या टप्प्यावर समोरच्याकडे रेझ्युमेंचा ढीग असतो आणि तो गाळायला कारणच शोधत असतो, त्याला आपणहून कारण कशाला द्यायचं?

माझं स्पष्ट मत आहे. ऑफर तोंडी कळली की त्याच फोनवर, जॉइनिंगची तारीख ठरवताना, नेमक्या तारखांसकट सांगायचं आणि फोन ठेवल्या ठेवल्या ईमेल टाकायचा. तोवर त्यांनी तुम्हाला निवडलेलं असतं पण कागद निघालेला नसतो, आणि तुम्हीही जुन्या ठिकाणी राजीनामा दिलेला नसतो. राजीनामा दिल्यावर सांगितलंत तर तुमच्या हातात काहीच राहत नाही. आणि लेखीच हवं. मॅनेजर तोंडी "अरे जा की, त्यात काय" म्हणतो आणि तुम्ही जॉइन होईपर्यंत तो स्वतःच दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो.

रेझ्युमेचाळणारी:
मी एचआरमध्येच आहे म्हणून लिहिते. ऑफर मागे घेणं मलाही पटलेलं नाही, पण तुमचा सल्लाही अर्धवट आहे. ऑफर निघेपर्यंत आतमध्ये पगाराचं अप्रूव्हल झालेलं असतं, क्लायंटला तारीख दिलेली असते, बिलिंग त्या तारखेपासून धरलेलं असतं, आणि ज्याच्या जागी घेतोय तो माणूस महिनाअखेरीला बाहेर पडणार असतो. त्याच्याकडून केटी, म्हणजे कामाची सगळी माहिती, घ्यायची तर नवा माणूस नेमका त्याच आठवड्यात गावाला. शिवाय दुसऱ्या नंबरच्या उमेदवाराला तोवर नकार गेलेला असतो.

शेवटच्या राउंडला आम्ही विचारतो, जॉइनिंगबद्दल काही अडचण आहे का. तो प्रश्न यासाठीच असतो. तिथे सांगा. लोक तिथे "नाही मॅम, काही नाही" म्हणतात आणि ऑफर आली की तारखा काढतात. राग सुट्टीचा येत नाही हो, त्या "काही नाही"चा येतो.

पिंपळपान:
सरळ विचारलं तर सरळ सांगायचं, यात वाद नाही. पण "काही अडचण आहे का" हा सरळ प्रश्न नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत काही ठरलेली रजा आहे का, असं विचारा की. तसं मला आजवर एकाही ठिकाणी विचारलेलं नाही.

भोसरीकर:
तुमचं सगळं मोठ्या कंपन्यांचं चाललंय, लहान धंदेवाल्याचंही ऐका. माझं छोटं वर्कशॉप आहे, दोन सीएनसी मशीनं. मोठ्या मुश्किलीने चांगला ऑपरेटर मिळाला, आणि दुसऱ्याच आठवड्यात गडी म्हणतो मालक, मी माउलींच्या पालखीबरोबर चाललो. माळकरी माणूस, आमच्या घरातही वारी आहे, वारीला नको म्हणायची माझी छाती नाही. पण आळंदी ते पंढरपूर म्हणजे अठरा-वीस दिवस. एक मशीन झाकून ठेवलं, ऑर्डरची तारीख गेली, पार्टीने बिलातून पैसे कापले. बोलणी करतानाच सांगितलं असतं तर म्हटलो असतो एकादशी करून ये, जागा तुझीच आहे. माझ्याकडे ना ऑफर लेटर ना तिसरा राउंड, एकदाच चहा पिऊन बोलणं होतं. तेव्हाच सांगायचं, बाकी तुमचे नियम तुमच्यापाशी.

देवगडचा_चाकरमानी:
गणपतीचं कोणीच काढलं नाही अजून, आश्चर्य आहे. माझा सगळा प्रश्न तिथेच अडतो. २०२६ ची चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० दिवसांवरून ६० वर आणलं, म्हणजे १२ सप्टेंबरच्या गाडीचं बुकिंग उघडणार जुलैच्या मध्यावर. आणि माझा नोटिस पिरियड ९० दिवस. सप्टेंबरच्या सुरुवातीला जॉइन व्हायचं तर इंटरव्ह्यू मे-जूनमध्ये. म्हणजे इंटरव्ह्यूच्या वेळी माझ्याकडे तिकीटच नसणार, मग मी काय सांगू? मला गणपतीला गावी जायचंय? ते तर कोकणातल्या कुठल्याही माणसाला बघून कळायला हवं!

सकाळी आठला बुकिंग उघडतं. आम्ही घरात तिघं तीन मोबाइल घेऊन बसतो, नावं आधीच मास्टर लिस्टमध्ये भरलेली, ओटीपी येऊन पेमेंटला जाईस्तोवर कन्फर्मचं वेटिंग होतं आणि पुन्हा बघावं तर रिग्रेट, म्हणजे वेटिंगही बंद. ते तिकीट हाताला लागल्यावर कोणी मला म्हणालं की जॉइनिंगमुळे रद्द कर, तर मी नोकरी रद्द करेन. आमच्याकडे पूजेला मीच बसतो, वडलांना आता गुडघ्यामुळे खाली बसवत नाही.

रेझ्युमेचाळणारी:
मग ते जूनमध्येच सांगा ना, तिकीट नसलं तरी. गणपतीची तारीख पंचांगात असतेच.

देवगडचा_चाकरमानी:
ताई, जूनमध्ये सांगितलं होतं एकदा. पुढचा प्रश्न आला, दरवर्षी जाता का? हो म्हणालो. त्यानंतर फोन आला नाही. आणि मुळात हा घोळ तुमच्या ९० दिवसांमुळे आहे. महिन्याची नोटिस असती तर जुलैमध्ये तिकीट काढून ऑगस्टमध्ये इंटरव्ह्यूला बसलो असतो आणि तिकीट दाखवून बोललो असतो.

बायआउटग्रस्त:
नोटिसचा विषय निघालाच आहे तर बोलतोच. ९० दिवस ही पद्धत आमच्या पिढीच्या मानगुटीवर बसलीये. नवीन कंपनी म्हणते ३० दिवसांत या, जुनी म्हणते ९० पूर्ण करा नाहीतर बेसिकच्या हिशेबाने पैसे भरा, आणि भरायची तयारी दाखवली तरी म्हणतात बायआउट मॅनेजरच्या मर्जीवर, तोवर रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) नाही. माझी सुट्टी जुन्या कंपनीने मंजूर केली होती, लेखी, आणि राजीनामा दिल्या दिवशी ती रद्द केली, का तर नोटिसमध्ये रजा घेतली की शेवटचा दिवस तेवढाच पुढे. बायकोच्या माहेरचं लग्न होतं. मी रात्रीच्या बसने गेलो, अक्षता टाकल्या आणि दुसऱ्या दिवशी कॉलवर हजर. केटी घ्यायला समोर माणूस नव्हता, रिकाम्या मीटिंगमध्ये बसलो होतो. म्हणून मी म्हणतो सुट्टी कधी सांगायची हा प्रश्न नव्या कंपनीपेक्षा जुन्या कंपनीचा जास्त आहे.

रेझ्युमेचाळणारी:
९० दिवस उगाच नाही आलेले. लोक आमची ऑफर घेतात, तीच दाखवून दुसरीकडे वाढवून घेतात, मग तिसरीकडे. जॉइनिंगच्या सकाळी लॅपटॉप तयार, रिसेप्शनला नाव दिलेलं, आणि फोन बंद. मॅनेजरच्या शिव्या मी खाते.

बायआउटग्रस्त:
९० दिवस दिलेत म्हणूनच लोक तीन ऑफर गोळा करतात! तीन महिने माणूस काय करेल? आधी दार बंद करायचं आणि मग आत कोंडलेला माणूस खिडकीतून का उडी मारतो म्हणून ओरडायचं. तुम्हा एचआर लोकांना पगार कंपनी देते म्हणून तुम्हाला हे दिसत नाही.

रेझ्युमेचाळणारी:
तुम्हालाही पगार कंपनीच देते. माझ्या पगारावर घसरायचं काम नाही, माझाही नोटिस पिरियड ९० दिवसच आहे.

थेम्सकाठी:
इकडे लंडनमध्ये ऑफरच्या फोनवर त्यांनीच विचारलं, आधी बुक केलेल्या सुट्ट्या आहेत का, आम्ही पाळू. दिवाळीचं भारताचं तिकीट होतं, तारखा दिल्या, त्यांनी लिहून घेतल्या. पहिल्या वर्षी रजा महिन्यागणिक बाराव्या हिश्श्याने जमते, त्यामुळे काही दिवस बिनपगारी गेले, त्याचं कोणाला काही वाटलं नाही. कायद्याने आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला वर्षाला २८ दिवस भरपगारी आहेत, बँक हॉलिडे त्यातच धरता येतात.

बायआउटग्रस्त:
तिकडचं तिकडे. इथे उपयोग नाही त्याचा.

थेम्सकाठी:
उपयोग आहे म्हणून लिहिलं. एक प्रश्न विचारायला कुठला कायदा लागतो?

सातच्याआत:
इथे सगळे पुरुष बोलतायत (ताई सोडून), म्हणून बाईचा अनुभव सांगते. शेवटच्या राउंडला सांगा म्हणणं सोपं आहे. मी प्रामाणिकपणे सांगितलं की डिसेंबरमध्ये आठवडाभर रजा लागेल. पॅनेलवरच्या गृहस्थांनी हसून विचारलं, लग्न का? म्हटलं हो, पण मावसबहिणीचं. मग तुमचं कधी? मग लग्नानंतर पुण्यातच राहणार का? कामाचं एक अक्षर नाही, उरलेला वेळ सगळा यातच गेला. पुरुष उमेदवाराने डिसेंबरची रजा मागितली तर तो फिरायला जाणार असतो, आम्ही मागितली की आमचं लग्न, बाळंतपण, सासर सगळं टेबलावर येतं. त्यामुळे ऑफर येईपर्यंत मी तोंड उघडणार नाही, विचारलं तरी "तारखा ऑफरच्या वेळी बोलू" एवढंच म्हणणार. ताई, यात तुम्हाला "काही नाही"चा राग येणार असेल तर येऊ दे.

रेझ्युमेचाळणारी:
नाही येणार. असं झालं असेल तर पॅनेलचं चुकलं आणि तिथे बसलेल्या एचआरने थांबवायला हवं होतं. तुमच्याबाबतीत ऑफरनंतर सांगणं मला मान्य आहे. सगळ्यांसाठी मात्र नाही.

कलम_अठरा:
दोन व्यावहारिक गोष्टी, कारण इथे भावनाच जास्त चालल्यायत. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला ८ दिवस किरकोळ रजा आहे, पण ती तिमाहीला थोडी थोडी जमा होते. भरपगारी रजा २० दिवस कामाला १ दिवस या हिशेबाने, तीही वर्षात २४० दिवस काम झाल्यावर. मॅनेजर दर्जाच्या लोकांना तर तेही लागू नाही. म्हणजे जॉइन झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात आठवडाभर सुट्टी हवी तर ती बहुतेक बिनपगारीच जाणार. ते तुम्हीच आधी म्हणा. "एलओपी (बिनपगारी रजा) धरा, चालेल" म्हटलं की निम्मा विरोध तिथेच संपतो.

दुसरं, परदेशी सहल असेल तर फक्त रजेचं बोलून भागत नाही. शेंगेन व्हिसाच्या (युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसाच्या) फाइलमध्ये कंपनीचं एनओसी (ना हरकत पत्र) लागतं, लेटरहेडवर, रजेच्या तारखांसकट, आणि त्यासोबत तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा. अर्ज जुन्या कंपनीच्या एनओसीवर केला आणि मध्येच नोकरी बदलली तर नवीन एनओसी कोण देणार, जिथे तुमची एकही स्लिप निघालेली नाही? तेव्हा युरोपवाल्यांनी ऑफरच्या फोनवर रजेबरोबर एनओसीचंही बोलून घ्यावं.

भोसरीकर:
हे कामाचं बोललात.

पिंपळपान:
भोसरीकर काका, लहान वर्कशॉपला माझा नियम लागू नाही, जिथे एकच बोलणं होतं तिथे त्याच बोलण्यात सांगायला हवं, एवढं मागे घेतो. आयटीबाबत मात्र तसूभरही हलणार नाही. चाकरमान्याने जूनमध्ये सांगितलं आणि फोन आला नाही, सातच्याआत यांनी डिसेंबर सांगितला आणि लग्नाची चौकशी झाली. अजून किती उदाहरणं हवीत?

रेझ्युमेचाळणारी:
माझ्याकडे आलेल्यांपैकी कितीतरी जणांनी आधी सांगितलं आणि आम्ही घेतलं, त्यांची उदाहरणं इथे येत नाहीत कारण त्यांना तक्रार नाही. पण ठीक आहे, प्रश्न मोघम असतो हे कबूल. उमेदवाराच्या फॉर्ममध्ये "पहिल्या ९० दिवसांतली ठरलेली रजा" असा रकाना घालायला सांगते, आणि तो पॅनेलला न दाखवता ऑफरच्या वेळीच उघडायचा. होईल का माहीत नाही, फॉर्म मुंबईहून येतो.

देवगडचा_चाकरमानी:
झालं तर चांगलंच. ९० दिवसांचं काय ते मात्र अजून बोलला नाहीत.

नवखा_२५:
मध्येच विचारतो, सॉरी. मला आज दुपारीच तोंडी ऑफर आलीये, लेटर उद्या म्हणालेत. दिवाळीत घरी नांदेडला जायची तिकिटं आहेत, जॉइनिंगनंतर दुसऱ्याच आठवड्यात. फोनवर घाबरून काहीच बोललो नाही. आता काय लिहू?

पिंपळपान:
आजच लिही, उद्यावर टाकू नको. एवढंच: "फोनवर बोलल्याप्रमाणे ऑफर मिळाल्याचा आनंद आहे. जॉइनिंगच्या तारखेला हजर राहीन. अमुक ते अमुक तारखेला आधीच ठरलेला प्रवास आहे, ते दिवस बिनपगारी धरले तरी चालतील. कृपया ईमेलवर होकार कळवावा म्हणजे मी राजीनामा देतो." कारण देऊ नको, माफी मागू नको.

रेझ्युमेचाळणारी:
आणि जॉइनिंग सुट्टीनंतरच्या सोमवारी चालेल का, हेही विचार. बऱ्याचदा तेच सोपं पडतं आम्हाला.

नवखा_२५:
पाठवला. रिक्रूटरचा फोन आला, म्हणाल्या मी सिस्टीममध्ये टाकते, ईमेलची गरज नाही.

भोसरीकर:
ईमेल येईस्तोवर राजीनामा टाकू नकोस बाळा.