३५०झीला प्लेनम स्पेसर: माझं मत, बसवा

जर्सीकर

गाडी २००४ ची निसान ३५०झी, सहा गिअर, मॅन्युअल. आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मित्रांत प्लेनम स्पेसरचा विषय निघाला की निम्मे जण "पैसे पाण्यात" म्हणून मोकळे होतात. मला ते अजिबात पटत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

प्लेनम म्हणजे थ्रॉटल बॉडीतून (पेडल दाबल्यावर उघडणाऱ्या झडपेतून) आलेली हवा जिथे जमते आणि सहा सिलिंडरांना वाटली जाते तो डबा. या गाडीच्या व्हीक्यू३५डीई इंजिनात तो पुढच्या बाजूला उतरता आहे, कारण बॉनेट खाली ठेवायचं होतं. थ्रॉटल बॉडीही पुढेच. त्यामुळे हवा जोरात आत शिरते आणि पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या तोंडांवरून सरळ मागे निघून जाते. नेमकं तिथेच छप्पर इतकं खाली आलेलं आहे की हवेला वळून उतरायला जागा नाही. वरचा भाग उचलून उलटा धरा, आतून बोट फिरवा. पीसीव्हीमधून (इंजिनातली वाफ परत आत ओढणाऱ्या व्हॉल्व्हमधून) आलेल्या तेलाचा काळा थर बोटाला लागेल, आणि पुढे छताचा उतार कसा टेकत जातो तेही हाताला कळेल. यासाठी डायनो (ताकद मोजायचं यंत्र) लागत नाही.

स्पेसर ही वरच्या आणि खालच्या भागांमध्ये बसणारी चौकट. नेहमीची जाडी ५/१६ इंच, म्हणजे जवळपास ८ मिलिमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जिथे मुळात जागाच कमी तिथे ८ मिलिमीटरने प्रमाण बदलतं. निसानने २००७ मध्ये व्हीक्यू३५एचआर आणलं तेव्हा दोन थ्रॉटल बॉडींचा पूर्ण नवा इनटेक (हवा आत नेणारा सगळा भाग) दिला आणि ताकद ३०६ हॉर्सपॉवरवर गेली. जुना इनटेक उत्तम होता तर बदलला कशाला?

मिशिगन_पुणेकर

जर्सीकर, तुमची गाडीवरची माया कळते, पण एचआरचं उदाहरण इथे लागू होत नाही. त्या इंजिनात ब्लॉकची उंची वाढवली, कनेक्टिंग रॉड लांब केले, कॉम्प्रेशन १०.३ वरून १०.६ केलं, रेडलाइन (आरपीएमची कमाल मर्यादा) ७५०० वर नेली. यातलं इनटेकचं श्रेय किती, हे आपण बाहेरून सांगू शकत नाही. शिवाय २००५ मध्ये निसानने सिंगल थ्रॉटल बॉडी ठेवूनच काही मॅन्युअल गाड्यांत ३०० हॉर्सपॉवर दिली होती. तेव्हा "३०६ इनटेकमुळे" हे म्हणणं सोडा.

माझं पोट इंजिन कॅलिब्रेशनवर आहे, त्यामुळे या बाबतीत मी थोडा हट्टी आहे. कंपनीने बेंचवर महिनोन्‌महिने घालवून टायमिंग आणि मिश्रण बसवलेलं असतं, ते त्या उतरत्या छपरासकट. प्लेनमचं आकारमान वाढलं की फायदा झालाच तर वरच्या आरपीएमला होतो. रोज तुम्ही २५०० ते ४००० मध्ये चालवता. तिथे काय मिळतं?

आणि डायनोचे जे कागद लोक दाखवतात त्यांत बहुतेक वाढ पाच-दहा हॉर्सपॉवरची असते. एकच गाडी, एकच दिवस, इंजिन थोडं तापलं किंवा पंखा हलला तरी दोन रनमध्ये चार-पाचचा फरक सहज पडतो. त्या आकड्यावर मी गॅस्केटसुद्धा विकत घेणार नाही.

ठाण्याचा_पिस्टन

मी तर म्हणतो हे स्पेसर सगळेच निकामी. माझ्या ओळखीतल्या एकाने पिकअपला आतून पेच कापलेला स्पेसर लावला होता, "हवा गरगरत आत जाते" म्हणून. शिट्टीसारखा आवाज आला, बाकी काही नाही.

जर्सीकर

ठाण्याचा_पिस्टन, तो थ्रॉटल बॉडी स्पेसर. ती वस्तू वेगळी. कार्ब्युरेटरच्या किंवा थ्रॉटल बॉडीतच पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांच्या काळात, हवा-पेट्रोल नीट मिसळावं म्हणून त्या कल्पनेला काही अर्थ तरी होता. आता पेट्रोल इनटेक पोर्टपाशी किंवा थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, वर नुसती हवा असते. ती गरगरली काय, सरळ गेली काय! त्या वस्तूची बाजू मी घेत नाहीये. प्लेनम स्पेसर छप्पर उचलतो, हवेला पेच घालत नाही. नाव सारखं म्हणून दोन्हींना एकाच तराजूत तोलू नका.

मिशिगन_पुणेकर, तुमचा एचआरबद्दलचा मुद्दा मान्य. पण माझ्या मूळ मुद्द्याला तुम्ही हात लावलेला नाही: वाटणी. एमएएफ सेन्सर एकूण हवा मोजतो, इंजेक्टर सहाही सिलिंडरांना सारखंच पेट्रोल देतात. पुढच्या सिलिंडरला हवा कमी मिळाली तर तिथलं मिश्रण रिच (पेट्रोल जास्त) होणार, मागचं लीन (पेट्रोल कमी). आणि एअर-फ्युएल सेन्सर आहे एका बँकेला (तीन सिलिंडरांच्या एका बाजूला) एक. तो तीन सिलिंडरांची सरासरी बघून "सगळं ठीक" म्हणतो. या इंजिनात १, ३, ५ एका बाजूला आणि २, ४, ६ दुसऱ्या बाजूला. म्हणजे प्रत्येक बँकेत एक भुकेलं सिलिंडर आहे आणि ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) ते दिसतच नाही. मला हॉर्सपॉवरपेक्षा हे जास्त महत्त्वाचं वाटतं. वीस वर्षांचं इंजिन आहे, मला ते अजून बरीच वर्षं चालवायचंय.

बे_एरिया_मावळा

तुमचा वाद चालू द्या, पण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आधी एक गोष्ट बघा. इथे उत्सर्जनावर परिणाम करू शकणाऱ्या सुट्या भागाला कार्बचा (कॅलिफोर्निया एअर रिसोर्सेस बोर्डाचा) ई.ओ. नंबर, म्हणजे मंजुरीचा क्रमांक, लागतो. स्मॉग चेकमध्ये (धुराच्या तपासणीत) नुसता ओबीडी प्लग लावून, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले कोड वाचून, भागत नाही, बॉनेट उघडून डोळ्यांनीही तपासतात. नंबर नसेल तर गाडी कितीही स्वच्छ चालू दे, नापास. न्यू जर्सीत ओबीडीवर निभावतं म्हणून आमच्याकडच्या पोरांनी तसंच करू नये. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून तुमच्या वर्षाच्या मॉडेलसाठीचा नंबर लेखी घ्या.

घाटवळण

मी बसवलाय, टेक्सासमध्ये. बाजू जर्सीकरांची घेतो, पण बसवण्याचं काम लोक फार हलक्यात घेतात आणि मग दोष स्पेसरला देतात, म्हणून लिहितो.

पहिलं, जागा. वरचा प्लॅस्टिकचा कव्हर काढून ठेवावा लागेल. स्ट्रट बार (पुढच्या दोन सस्पेन्शनना जोडणारा दांडा) इंजिनावरून आडवा जातो, त्याच्यात आणि प्लेनममध्ये अंतर मुळातच कमी. अर्ध्या इंचाचा घेतलात तर तो बार टेकण्याची भीती जास्त, म्हणून मी ५/१६ वर थांबलो. इंजिन रबरी माउंटवर हलतं, हे ध्यानात ठेवा. उभ्या गाडीत फट दिसली म्हणजे झालं असं नाही.

दुसरं, वरचा भाग निघाला की सहाही तोंडं आधी स्वच्छ कापडाने बंद करा, मगच पुढचं काम. एखादा वॉशर आत गेला तर हेड उतरवायची पाळी येते.

तिसरं आणि सगळ्यात मोठं, टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळायचे ते. खाली अॅल्युमिनियमचे आटे आहेत. शॉप मॅन्युअलमधला आकडा घ्या, इंच-पाउंडचा छोटा रेंच वापरा, मधून सुरुवात करून बाहेर जा, दोन-तीन फेऱ्यांत आवळा. फूट-पाउंड आणि इंच-पाउंड यांत बारा पटींचा फरक आहे. आटे गेले की तिथून हवा चोरायला लागते, आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) वरखाली होतं आणि पी०१७१, पी०१७४ हे लीनचे कोड येतात. जुने गॅस्केट परत वापरू नका. थ्रॉटल बॉडीकडच्या कूलंटच्या नळ्या सोडवल्या असतील तर पातळी बघून हवा काढा. बॅटरी काढली असेल तर नंतर आयडल शिकवण्याची निसानची ती पेडलची पद्धत आहे, पाच सेकंदांत पाच वेळा दाबून सोडायची, ती घड्याळ समोर ठेवून करा.

फरक जाणवला का? ५००० च्या वर ओढ लांबते. खाली काही नाही. मला तेवढं पुरतं, कारण मी ट्रॅकवर जातो.

मिशिगन_पुणेकर

घाटवळण, हे लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. "खाली काही नाही" हेही प्रामाणिकपणे सांगितलंत.

जर्सीकर, वाटणीचा तुमचा तर्क बरोबर आहे. मी तो टाळला नाही, तो सिद्ध व्हायचाय एवढंच म्हणतो. स्पेसर लावून वाटणी सुधारते, हे तुमच्या गाडीत कशावरून? छत उचललं म्हणजे हवा शहाण्यासारखी पुढच्या तोंडात उतरेल हे गृहीतक आहे. सहाही स्पार्क प्लग काढा, एकाच वेळी, फुल थ्रॉटल रननंतर लगेच इंजिन बंद करून. १ आणि २ खरंच ५ आणि ६ पेक्षा काळे दिसतात का बघा. दिसले तर मी तुमच्या बाजूने.

उष्णतेचं मात्र कोणी बोलू नका, "प्लॅस्टिकचा घेतला तर हवा थंड राहते" वगैरे. साडेतीन लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला सेकंदाला पावणेदोनशे लिटरच्या आसपास हवा ओढतं. प्लेनमच्या भिंतीला टेकून तापायला तिला वेळ मिळतो कुठे? सिग्नलला थांबून निघताना थोडा फरक पडेल, पुढे नाही.

जर्सीकर

प्लगचं मान्य. आधी प्लग, मग स्पेसर, मग पुन्हा प्लग, सगळे फोटो इथेच टाकतो. डायनोही लावतो, एकाच दुकानात.

मिशिगन_पुणेकर

डायनो लावणार असाल तर तीन टप्पे करा: स्पेसरशिवाय, स्पेसरसह, आणि काढून पुन्हा स्पेसरशिवाय. पहिला आणि तिसरा जुळले तरच दुसऱ्याला अर्थ आहे. तिसरा टप्पा मी आजवर कोणाच्याही कागदावर पाहिलेला नाही.

जर्सीकर

करतो. गॅस्केटचे दोन सेट मागवतो मग.