सर्व्हरवरच्या पीएचपी-पायथन या प्रोग्रामिंग भाषांचं व्हर्जन बदलताना तुमची कशी जिरली?

लातुरातल्या एका आडत दुकानाचा हिशोबाचा प्रोग्राम मी सांभाळतो. पीएचपी ७.४ वर होता, त्याचे सुरक्षा अपडेट नोव्हेंबर २०२२ लाच बंद झाले तरी मी आज करू उद्या करू. शेवटी एका रात्री जुनं काढून ८.३ टाकलं अन् पांढरं पान! लॉग बघितला तर ‘ईच’ फंक्शनच नाही म्हणायलं, ते ८.० लाच काढलेलं. जुनं तर मीच उडवलेलं, मग सकाळी सौदा निघायच्या आत हातानं एकेक फाइल दुरुस्त करत बसलो, तरी पहिल्या चार शेतकऱ्यांच्या पट्ट्या कागदावरच. तुमचे किस्से येऊ द्या, लाजू नका.

नांदेड : उबंटू २०.०४ मध्ये (सर्व्हरची लिनक्स सिस्टीम) पायथन ३.८ असतं, मला ३.१० पाहिजे होतं म्हणून सिस्टीमची पायथन३ ची लिंकच (कोणतं पायथन चालवायचं ते सांगणारा दुवा) ३.१० कडं फिरवली. ॲप पळालं, मी खुश. दुसऱ्या दिवशी ॲप्ट (उबंटूचं सॉफ्टवेअर टाकायचं हत्यार) अपडेट मारलं तर त्याला लागणारं ॲप्ट_पीकेजी मॉड्यूल सापडंना, कारण उबंटूची स्वतःची हत्यारं त्याच ३.८ वर चालतात हे कोणाला माहीत होतं! लिंक परत जागेवर, आता ३.१० शेजारी अन् प्रत्येक ॲपला वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे पायथनची स्वतंत्र खोली.

परभणी : माझं तर हसू येईल. टर्मिनलवर व्हर्जन विचारलं, ८.२ दाखवलं, झालं म्हणून बिल पण लावलं. एनजिनएक्स (साइट दाखवणारा वेब सर्व्हर) मात्र ७.४ च्या एफपीएम सॉकेटलाच, म्हणजे जुनं पीएचपी चालवणाऱ्या जोडणीलाच चिकटलेलं, म्हणजे साइट जुन्यावर अन् रात्रीचे क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) नव्यावर, चार महिने. क्रॉनचा मेल कोण वाचतंय. आता ब्राउझरमध्ये पीएचपीइन्फो (साइटचं खरं व्हर्जन दाखवणारं पान) उघडून बघतो आणि लगेच ती फाइल उडवतो.

बीड : पांढरं पान आलं तर नशीब समजा, कळतं तरी. आमच्या दूध संकलनाच्या फॉर्मवर सभासद कोड शून्याबरोबर ताडून बघायचो, रिकामा असला की अडायचा. पीएचपी आठमध्ये रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) शून्याच्या बरोबर धरत नाहीत. एरर नाही, काही नाही, बिनसभासदाचं दूध जमा व्हायलं अन् दहा दिवसांनी पगार काढताना बोंब.

जालना : अपग्रेड अर्ध्यात असताना लाईट गेली. सर्व्हर दुकानातच, इन्व्हर्टर फक्त पंख्याला. डीपीकेजी कॉन्फिगर (अर्धवट राहिलेलं इन्स्टॉल पुरं करायची कमांड) करून सावरलं, पण घाम फुटला.

लातूर (धागावाला) : बीडवाले भाऊ, त्या बिनसभासदाच्या दुधाचे पैसे मग कोणाला दिले?