जुन्या मुंबईत जादा एफएसआय द्यायचा, तर बदल्यात भाड्याची खोली का मागू नये?

काळाचौकी

परवा लालबागला आईकडे गेलो होतो. आमची चाळ पाडून तिथे दोन इमारती उभ्या राहिल्या, एक जुन्या भाडेकरूंची, दुसरी विक्रीची. आईला ३०० चौरस फुटांचं मालकीचं घर मिळालं. संडास घरात आला, जिना चढणं संपलं. पुनर्विकास झाला नसता तर आम्ही आजही टेकू लावलेल्या गॅलरीतून जीव मुठीत धरून चालत असतो, हे मी विसरलेलो नाही.

पण खाली उभा राहून मोजत होतो. चाळीत आमच्या शेजारी गावकीची खोली होती. कोकणातून आलेली आठ-नऊ माणसं तिथे पाळीने झोपायची. माझे वडील १९७१ साली मुंबईत उतरले ते तशाच खोलीत, एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन. आज तसाच कुणी पोरगा केईएममध्ये वॉर्डबॉय म्हणून लागला, तर तो परळच्या आसपास कुठे राहील? कल्याणच्या अलीकडे त्याला काही मिळणार नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शहर भागातल्या जुन्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या) इमारती विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली नव्याने बांधल्या जातात. जुन्या रहिवाशांना फुकट घर द्यायचं आणि त्यासाठी लागलेल्या क्षेत्राच्या निदान ५० टक्के क्षेत्र बिल्डरला विकायला मिळतं. दोन ते पाच भूखंड एकत्र केले तर ६० टक्के, सहा किंवा जास्त केले तर ७०. म्हणजे हा जादा एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधता येईल ते प्रमाण) शहराने दिलेलं प्रोत्साहन आहे, बिल्डरच्या खिशातला पैसा नव्हे. त्यातून जुना माणूस वाचतो आणि कोट्यधीश नवा येतो. मधला माणूस त्या वस्तीत परत येतच नाही.

माझं म्हणणं असं की या प्रोत्साहन क्षेत्राचा पाचवा हिस्सा छोट्या भाड्याच्या घरांसाठी ठेवावा. मालकी म्हाडाची किंवा पालिकेची, विक्री कधीच नाही, आणि घरं त्याच वॉर्डात. विरोध असेल तर तोही ऐकायचा आहे, म्हणून धागा काढला.

नकाशेवाला

माझा विरोध आहे, आणि तो कागदावरच्या हिशेबातून येतो. गेली वीस वर्षं गिरगाव, खेतवाडी, ताडदेव या भागातल्या इमारतींचे नकाशे करतोय.

एक साधी चाळ घ्या. ६,००० चौरस फुटांचा भूखंड, ६० खोल्या. प्रत्येकाला ३०० म्हणजे १८,००० चौरस फूट रहिवाशांचे. त्यावर ५० टक्के म्हणजे ९,००० विक्रीला. जिने, लिफ्ट, पार्किंग वेगळं, ते आत्ता सोडून देऊ. या ९,००० मधून बिल्डरने सगळ्या २७,००० चौरस फुटांचं बांधकाम करायचं, मालकाचा मोबदला द्यायचा, रहिवाशांना पुढच्या देखभालीसाठी कॉर्पस निधी द्यायचा आणि काम चालू असेपर्यंत ६० घरांचं भाडं भरायचं. घरटी महिना २५,००० धरलं आणि चार वर्षं लागली, तर भाड्याचेच ७ कोटी २० लाख होतात. परवानगीला एक वर्ष उशीर झाला की आणखी १ कोटी ८० लाख, त्यावर कर्जाचं व्याज.

आता त्या ९,००० मधले १,८०० भाड्याच्या घरांना काढा. बिल्डर उठून जाईल. शहरात अशा अरुंद, एकमेकींना खेटलेल्या इमारती भरपूर आहेत आणि त्या आत्ताच कुणी हातात घेत नाही. १९६९ च्या कायद्याने सुमारे १९,६०० इमारती उपकराखाली आल्या. पन्नासहून जास्त वर्षांनी त्यातल्या तेरा-चौदा हजार तशाच उभ्या आहेत. तुमच्या अटीने हा आकडा खाली येईल की गोठेल?

काळाचौकी

हिशेब पटला. सुट्या भूखंडावर ही अट जमणार नाही, हे मान्य. पण मग एक सांगा. जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने वर्षभरासाठी बांधकामावरचे प्रीमियम, म्हणजे बिल्डरकडून घेतलं जाणारं शुल्क, निम्म्यावर आणले. बदल्यात बिल्डरने काय करायचं होतं? ग्राहकांची स्टँप ड्युटी भरायची. पालिकेच्या हक्काचं एवढं उत्पन्न सोडताना परवडणाऱ्या घरांची अट घालता आली नसती? शहर देत नाही असं नाही हो. देताना मागत नाही, हे माझं दुःख आहे.

वाड्याचा वारस

इथे घरमालकाची बाजू कुणी मांडत नाही, म्हणून लिहितो. आजोबांनी १९३४ मध्ये ठाकूरद्वारला तीन मजली इमारत बांधली. भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठली. १९४७ चा कायदा आला, तो तात्पुरता म्हणून आला आणि मुदत वाढवत वाढवत २००० सालापर्यंत चालला. नवीन कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ आहे, पण ती त्याच गोठलेल्या भाड्यावर. आज आमच्याकडे २४ भाडेकरू आहेत आणि सगळ्यांचं मिळून जे भाडं येतं त्यात एका प्लंबरचे चार दिवस निघत नाहीत.

मुंबईतलं परवडणारं घर पाऊणशे वर्षं कुणाच्या पैशाने चाललं? सरकारच्या नाही, आमच्या. आणि भाडं गोठल्यावर भाड्यासाठी नवीन घर बांधायला कोण पुढे येणार? नवीन चाळी बांधणं बंद झालं, पागडी, म्हणजे खोली भाड्याने देताना घ्यायची एकरकमी रक्कम, सुरू झाली. काळाचौकीकर, तुम्हाला हवी असलेली भाड्याची खोली याच धोरणाने मारली. आता तीच पुन्हा सक्तीने बांधून घ्यायची, म्हणजे त्याच वाटेने परत जायचं.

काळाचौकी

तुमच्यावर अन्याय झाला, हे मी मनापासून मानतो. फरक एवढाच की मी खाजगी मालकावर भाडं लादा म्हणत नाहीये. शहर जो एफएसआय नव्याने निर्माण करून देतं, त्यातला वाटा शहराने स्वतःकडे ठेवावा आणि भाडं देखभाल निघेल इतकं घ्यावं. तुमच्या २४ खोल्यांशी त्याचा संबंध नाही.

डिलाईल रोड

वाटा ठेवण्याबद्दल बोलताय तर गिरण्यांच्या जमिनींचं काय झालं ते आठवा. १९९१ च्या नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम सरळ होता: एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती आली आणि ही वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. गिरणीचे शेड पाडून जी जागा मोकळी होईल ती हिशेबातून गेली. जिथे एकरांच्या गोष्टी व्हायच्या तिथे तुकडे हाती आले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली आणि विषय संपला.

माझे वडील १९८२ च्या संपात होते. जून २०१२ मध्ये गिरणी कामगारांच्या घरांची मोठी सोडत निघाली तेव्हा संपाला तीस वर्षं झाली होती. २२५ चौरस फुटांचं घर, किंमत साडेसात लाख. वडिलांचा नंबर लागला नाही, शेजारच्या काकांचा लागला. त्यांच्या मुलांनी पुढे ते घर विकलं आणि बदलापूरला दोन बेडरूमचं घेतलं. त्यांना मी दोष देणार नाही. पण एकदा विकलेलं परवडणारं घर दुसऱ्यांदा परवडणारं राहत नाही. म्हणून "विक्री कधीच नाही" या तुमच्या ओळीला माझा पाठिंबा. ती ओळ एका अधिसूचनेने खोडली जाणार नाही, याची खात्री मात्र मला कुणी देऊ शकत नाही.

हडसनकाठी

मी न्यूयॉर्कला राहते, परळची आहे. इथला अनुभव उपयोगी पडेल असं वाटतं. इथे १९७१ पासून ४२१-ए नावाची करसवलत होती. नवी इमारत बांधा, मालमत्ता करात अनेक वर्षं सूट घ्या. पुढे त्याला परवडणाऱ्या घरांची अट जोडली. २०१७ च्या सुधारित योजनेत ही सूट ३५ वर्षांपर्यंत गेली, पण एका पर्यायात परिसराच्या मध्यम उत्पन्नाच्या १३० टक्के कमावणाऱ्यांसाठीची घरंही "परवडणारी" धरली जायची. ज्या गरीब भागांत बाजारभावच तेवढा होता तिथे शहराने कर सोडून फारसं काही मिळवलं नाही. २०२२ मध्ये योजना संपली, २०२४ मध्ये ४८५-एक्स आली.

तेव्हा घर परवडणारं कुणाला, हे आकड्यात आधी लिहून घ्या. वॉर्डबॉयचा पगार आणि बँक मॅनेजरचा पगार एकाच शब्दात बसवला की जागा मॅनेजरलाच मिळते.

मुगभाटची लेक

सगळं वाचलं. तुम्ही सगळे पुढच्या माणसाच्या घराबद्दल बोलताय. मी मागे राहिलेली आहे.

आमची इमारत २००८ मध्ये रिकामी केली. बिल्डरने अकरा महिन्यांचं भाडं दिलं, नंतर धनादेश परत जायला लागले, नंतर ऑफिसला कुलूप. जागेवर पायाचा खड्डा आहे, त्यात पावसाळ्यात पाणी साचतं. आम्ही उपनगरातल्या संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरात, आहोत. १६० चौरस फूट, भिंतीला ओल. बाबा तिथेच गेले. शेवटपर्यंत त्यांच्या रेशनकार्डावर मुगभाट लेनचा पत्ता होता, तो त्यांनी बदलू दिला नाही.

आधी आम्हाला परत न्या. मग भाड्याच्या खोल्यांचं बघा. अट वाढली आणि बिल्डर पळाला की पळून तो कुठे जातो मला माहीत नाही, पण आम्ही कुठे जातो ते माहीत आहे.

नकाशेवाला

ताई, तुमच्यापुढे माझ्या आकडेमोडीला काही अर्थ नाही. तरी एक लिहितो. इमारत न पाडणं हाही पर्याय नाही. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ऑगस्ट २०१७ मध्ये कोसळली तेव्हा ३३ माणसं गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीची केसरबाई, पुढच्याच जुलैमध्ये फोर्टची भानुशाली. म्हणून मी म्हणतो की काम अडेल अशी कुठलीही अट नको.

डिलाईल रोड

आणि आहे ती अट तरी पाळली जाते का? ३३(७) मध्ये म्हाडाला अतिरिक्त क्षेत्र द्यायची तरतूद आजही आहे. तीच घरं संक्रमण शिबिरातल्या, मास्टर लिस्टवरच्या (परतायला घर न उरलेल्या जुन्या रहिवाशांच्या यादीतल्या) माणसांना मिळायची असतात. बिल्डरांनी ते क्षेत्र दिलंच नाही, अशा तक्रारी उच्च न्यायालयापर्यंत गेल्या. म्हणजे मुगभाटच्या ताईंचं घर कदाचित बांधून झालं असेल आणि दुसऱ्यालाच विकलं गेलं असेल.

वाड्याचा वारस

हे वाचून मीही अस्वस्थ झालो. आमच्याकडेही पुनर्विकासाला ५१ टक्के भाडेकरूंची संमती झाली आहे. बिल्डर ठरवायचा आहे. भाडेकरू मला विचारतात, हा माणूस काम पूर्ण करेल ना, आणि माझ्याकडे उत्तर नसतं.

काळाचौकी

नकाशेवाले, माझी मागणी बदलतो. सुट्या भूखंडावर काहीच नको. जिथे सहा भूखंड एकत्र येऊन ७० टक्के मिळतात, तिथे ५० च्या वरचे जे २० टक्के आहेत त्यांतला निम्मा भाग भाड्याच्या घरांसाठी. याने प्रकल्प बुडेल का?

नकाशेवाला

मोठ्या रस्त्यावरचा असेल तर बुडणार नाही. आतल्या गल्लीत नक्की सांगता येत नाही. पण परवानग्यांना ठरावीक मुदत मिळाली, तर बिल्डरकडे हे घेऊन जायला मी तयार आहे. वाचलेल्या एका वर्षात तेवढं निघतं.

मुगभाटची लेक

लिहिणारच असाल तर आमचंही एक कलम घाला. इमारत रिकामी करायच्या आधी तीन वर्षांचं भाडं बँकेत, रहिवाशांच्या संस्थेच्या नावावर. ते जमा झाल्याची पावती दाखवल्याशिवाय कुणी चावी देऊ नये. आम्ही दिली होती, नुसत्या शब्दावर. वाड्याचे वारस, तुमच्या २४ जणांना हे आजच सांगा.