मदत हवी आहे: रिफॅम्पिसिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर साधा ई. कोलाय जीवाणूही दाट उगवतोय

जळगावात बीएस्सीच्या मुलांना डीएनएच्या नकलेतली चूक-दुरुस्ती प्रत्यक्ष दाखवायची आहे. नक्कल करणारा पॉलिमरेझ साधारण लाखात एक अक्षर चुकवतो, त्याच्याच प्रूफरीडिंगने (जोडलेलं अक्षर लगेच तपासण्याने) ते कोटीत एकावर येतं. उरलेल्या बहुतेक चुका म्यूट-एस हे प्रथिन हेरतं, आणि म्यूट-एच हे दुसरं प्रथिन जीएटीसी या अक्षरक्रमापाशी मिथाइलची खूण न लागलेला, म्हणजे नवाच धागा कापतं. जुना बरोबर, नवा चुकलेला, हे पेशीला कळतं ते या खुणेमुळे. किती सुंदर सोय आहे ही!

साधा आणि म्यूट-एस नसलेला, दोन्ही नळ्यांत रात्रभर वाढवून ०.१ मिली रिफॅम्पिसिनच्या (१०० मायक्रोग्रॅम/मिली) प्लेटवर पसरले. म्युटेशनने प्रतिरोधक झालेल्या पेशीच या औषधात वाढतात, म्हणून साध्याच्या मोजक्याच वसाहती याव्यात, दुसऱ्याच्या शंभरपट तरी. इथे दोन्हींवर सारखाच दाट थर. एखाद्याच नळीत पूर आला असता तर लवकर झालेलं म्युटेशन म्हटलं असतं. पण सगळ्याच पाच नळ्या तशा.

संशय दोन: आगर ५० अंशांपर्यंत निवू न देता औषध घातलं गेलं, किंवा उन्हाळ्यात प्लेटा उजेडात राहिल्या. की सुरुवातीच्या बियाण्यातच (नळीत टाकलेल्या पेशींतच) प्रतिरोधक पेशी होत्या? हजारभर पेशींपासून वाढवून बघू का? धुळे-नंदुरबारकडे कुणी या प्लेटा करत असेल तर सांगा, फ्रिजमध्ये फॉइल गुंडाळून किती दिवस टिकतात?