माध्यमिक शाळेत भावनिक आधार : वर्गशिक्षक पुरेसे की वेगळा समुपदेशक हवा?

शाळासमिती_सदस्य

13 ते 16 वयोगट, 12 तुकड्या, साधारण 600 मुलं. समितीत दोन तट पडलेत. ज्येष्ठ म्हणतात, पूर्वी कुठे होते समुपदेशक? वर्गशिक्षकच सगळं पाहायचे, तेच पुन्हा नीट सुरू करा. बाकीच्यांना पूर्णवेळ समुपदेशक हवा आणि वर्षाच्या सुरुवातीला सगळ्या मुलांकडून प्रश्नावली भरून घ्यायची आहे. पैसे एकाच माणसापुरते आहेत. पूर्वी खरंच काय होतं, एक माणूस 600 मुलांना कसा पुरवायचा आणि प्रश्नावलीचा उपयोग होतो का, हे जाणकारांनी सांगावं. "मानसिक आरोग्य महत्त्वाचं आहे" हे सगळ्यांना मान्य आहे, त्यावर कृपया प्रतिसाद नकोत.

जुनी_दप्तरं

ज्येष्ठांचं म्हणणं अर्धं खरं आहे. वर्गशिक्षक किंवा निवासी शाळेतला गृहप्रमुख मुलांकडे लक्ष ठेवायचा, पण छडीही त्याच्याच हातात असायची. इंग्लंडमधल्या रग्बी शाळेत टॉमस अर्नल्डने (मुख्याध्यापक, 1828 ते 1842) शिस्तीचा बराचसा भार वरच्या वर्गातल्या मुलांवर टाकला. आता छळणाराच देखरेखीवर असेल, तर धाकट्याने तक्रार न्यायची कुणाकडे? त्या काळी मुलं बोलत नसत, आणि न बोलण्यालाच आपण "पूर्वी असले प्रश्न नव्हते" म्हणतो.

समुपदेशन शाळेत आलं ते नोकरीधंद्याच्या वाटेने. 1907 मध्ये अमेरिकेत ग्रँड रॅपिड्सला जेसी डेव्हिस या मुख्याध्यापकाने इंग्रजीच्या तासांना निबंधांतून व्यवसाय आणि चारित्र्य यांवर मार्गदर्शन सुरू केलं. पुढच्याच वर्षी बॉस्टनला फ्रँक पार्सन्सचं व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र निघालं. सल्ला देण्याऐवजी ऐकून घेण्यावर भर आला तो कार्ल रॉजर्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञामुळे. त्याचं समुपदेशनावरचं पुस्तक 1942 चं. मग 1957 मध्ये रशियाचा स्पुटनिक उपग्रह उडाला, आणि 1958 च्या कायद्याने अमेरिकेने शाळासमुपदेशकांच्या प्रशिक्षणावर भरपूर पैसा ओतला. हेतू मात्र हुशार मुलं हेरून विज्ञानाकडे वळवण्याचा होता. तिथले समुपदेशक अजूनही वेळापत्रकं आणि प्रवेशअर्ज यांत अडकलेले दिसतात, त्याची मुळं इथे आहेत. त्यांच्याच संघटनेची शिफारस एका समुपदेशकामागे 250 विद्यार्थी अशी आहे. तुमचं प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त, हे समितीला आधीच सांगून ठेवा.

ब्रिटनमध्ये 1965 मध्ये कील आणि रेडिंग विद्यापीठांत शिक्षकांसाठी समुपदेशनाचे अभ्यासक्रम निघाले. वेल्समध्ये 2013 च्या कायद्याने ही सेवा पुरवणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक झालं. जपानने शाळासमुपदेशक 1995 मध्ये आणले, पण तिथे त्याच्या कितीतरी आधीपासून आरोग्यखोली आणि तिच्यासाठी नेमलेली शिक्षिका होती. वर्गात बसवत नाही अशी मुलं आजही थेट त्या खोलीत येऊन दिवस काढतात. "पोट दुखतंय" एवढं कारण तिथे पुरतं, हा मला त्या व्यवस्थेचा सर्वात शहाणा भाग वाटतो.

तास_बदली

पूर्णवेळ माणूस नेमा, पण त्याला बदली तास, परीक्षेचं पर्यवेक्षण आणि शिस्तसमिती ही तिन्ही कामं देणार नाही हे नेमणूकपत्रात लिहा. सकाळी उशिरा आल्याबद्दल ज्याने ओळीत उभं केलं, त्याच्याकडे दुपारी कुणी मन मोकळं करत नाही. तुमच्या 600 च्या हिशेबात सगळ्यात आधी हेच बुडतं.

आता हिशेब. आठवड्याला 30 तास धरले तर प्रत्यक्ष भेटी 16 ते 18 च होतात. बाकी वेळ नोंदी, पालक, शिक्षकांशी बोलणं आणि अचानक उगवणाऱ्या प्रकरणांत जातो. एका मुलाला चार ते सहा भेटी धरल्या, तर एका सत्रात 50 च्या आसपास मुलं होतील. म्हणजे उरलेल्या साडेपाचशेंना पहिला आधार वर्गशिक्षकाचाच, आणि समुपदेशकाचा थोडा वेळ शिक्षकांना तयार करण्यात गेलाच पाहिजे.

शिक्षकाने मुलाला समुपदेशकाकडे कसं पाठवायचं ते आधी ठरवा. शिक्षकाने "हा उदास वाटतो" असं लिहून पाठवू नये. दिसलं तेवढंच लिहावं: तीन आठवड्यांत पाच वेळा पहिल्या तासाला डोकं दुखतं म्हणून बाहेर, डबा परत नेतो, बाक बदलून मागितला. अर्ध्या पानाचा नमुना पुरे. चिठ्ठी मिळाल्यापासून दोन कामकाजाच्या दिवसांत पहिली भेट व्हावी. जिवाचा धोका वाटत असेल तर चिठ्ठी लिहीत बसू नका, मुलाला सोबत घेऊन चालत जा.

मूल वर्गातून काढतानाच सर्वाधिक गोंधळ होतो. शिपाई दारात येऊन "समुपदेशक मॅडमनी बोलावलंय" म्हणाला की मधल्या सुट्टीपर्यंत सगळ्या तुकडीला कळतं, आणि ते मूल पुन्हा येत नाही. ग्रंथालय, कार्यालय, समुपदेशन या सगळ्यांसाठी एकच छापील चिठ्ठी ठेवा, वर फक्त वेळ. दर आठवड्याला वेगळा तास घ्या. सलग चार मंगळवार गणित बुडालं तर एका चिंतेत दुसरीची भर पडते. खेळाचा तास मात्र सहसा घेऊ नये, काही मुलांचा आठवडा त्यावरच तरलेला असतो.

खोली मुख्याध्यापकांच्या दालनाला खेटून नको. दाराला काच असावी, पण बसलेल्याचा चेहरा व्हरांड्यातून दिसू नये. खुर्च्या समोरासमोर न मांडता तिरक्या, मध्ये टेबल नाही. घड्याळ मुलाला दिसेल असं लावा.

गुप्ततेच्या अटी पहिल्या भेटीत, पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या: तुझ्या जिवाला धोका, दुसऱ्याच्या जिवाला धोका, किंवा कुणी तुझं शोषण करत असेल, तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, बाकी इथलं इथेच. मूल सगळं बोलून गेल्यावर हे सांगणं म्हणजे फसवणूकच. नोंदी प्रगतिपुस्तकाच्या कपाटात ठेवू नका. क्रमांक घालून वेगळ्या कुलपात. पाठवणाऱ्या शिक्षकाला एवढंच कळवा: भेट झाली, आणि वर्गात अमुक करा, उदाहरणार्थ पुढचे दोन आठवडे उभं करून वाचायला लावू नका. काहीच कळवलं नाही, तर शिक्षक पुढच्या वेळी पाठवत नाहीत.

आकडे_बघून

प्रश्नावलीबद्दल. जगभर वापरली जाते ती बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमनची 1997 ची, मुलांच्या भावना आणि वागणं यांवरच्या 25 विधानांची. त्यातली 20 मोजली जातात, एकूण गुण 0 ते 40. साधी आहे, पण तिच्यात आत्महत्येच्या विचारांबद्दल प्रश्नच नाही. तसा प्रश्न असलेली दुसरी घेतलीत, तर कागद त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी वाचून झाले पाहिजेत. 600 कागद घेऊन ते पंधरा दिवस कपाटात पडले आणि त्यातल्या एकाने मदत मागितलेली निघाली, यापेक्षा प्रश्नावली न घेतलेली बरी. घ्यायचीच असेल, तर दिवसाला एक तुकडी घ्या, आणि पुढची तुकडी आधीच्या तुकडीतल्या, जिवाचा धोका दिसलेल्या मुलांना भेटून झाल्यावरच.

विचारल्याने मुलांच्या डोक्यात नको ते शिरतं, ही भीती मात्र सोडा. न्यूयॉर्क राज्यात 2,342 विद्यार्थ्यांवर हे तपासून 2005 मध्ये प्रसिद्ध झालं. विचारल्यामुळे मुलांचा त्रास किंवा आत्महत्येचे विचार वाढले नाहीत.

नुसत्या चाळणीवर, म्हणजे प्रश्नावलीतून धोक्यातली मुलं हेरण्यावर, विसंबू नये याला पुरावा आहे. युरोपात 10 देशांतल्या 168 शाळांमध्ये सुमारे 11,000 मुलांवर तीन उपाय पडताळले: शिक्षकांचं प्रशिक्षण, चाळणी, आणि मुलांनी प्रसंग वठवून चर्चा करण्याचे तास (चार आठवड्यांत मिळून पाच तास). 2015 च्या निष्कर्षानुसार वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न निम्म्यावर आले ते फक्त तिसऱ्या उपायात. उलट ब्रिटनमध्ये 8,000 हून अधिक मुलांना शिक्षकांनी सजगतेचे (श्वासाकडे, चालू क्षणाकडे लक्ष देण्याचे) धडे दिले, तेव्हा नेहमीच्या तासांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही (2022). बहुतेक मुलं घरी सराव करतच नव्हती.

आणि ज्येष्ठ गटासाठी खास: बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 74 शाळांत एकच कार्यक्रम काही ठिकाणी शिक्षकांनी, काही ठिकाणी बाहेरून नेमलेल्या, प्रशिक्षित पण पदवीधारक मानसतज्ज्ञ नसलेल्या समुपदेशकाने राबवला. त्यात तक्रारपेटी, भित्तिपत्रक, गटचर्चा, एकेकट्याच्या भेटी असं सगळं होतं. 2018 मध्ये आलेले निष्कर्ष: समुपदेशकाच्या शाळांत वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दांडगाई कमी झाली, शिक्षकांच्या शाळांत फरक पडला नाही. माझ्या मते यात शिक्षकांचा दोष नाही, त्यांच्यापाशी त्यासाठी वेळही नसतो आणि वेगळी ओळखही.

शाळासमिती_सदस्य

छान माहिती मिळाली. एक राहिलं. मूल समुपदेशकाकडे न जाता वर्गशिक्षकाशीच बोललं तर? आमच्या शिक्षकांना "काय बोलावं" हीच धास्ती आहे. आणि तक्रारपेटी आधी होती, तिच्यात फक्त वेफर्सची पाकिटं सापडायची.

तास_बदली

पेटी कोण उघडतं हे मुलांना माहीत नसेल तर वेफर्सच येणार. व्हरांड्यात सगळ्यांच्या नजरेत लावू नका. ग्रंथालयात किंवा पाण्याच्या टाकीपाशी लावा. दोन कुलपं, किल्ल्या दोघांकडे, ठरलेल्या दिवसांना उघडणं, आणि नावाशिवाय आलेल्या प्रश्नांची उत्तरं भित्तिपत्रकावर. दोन महिने उत्तरं दिसली की चिठ्ठ्या येऊ लागतात.

शिक्षकांसाठी: "मी कुणाला सांगणार नाही" हे वचन द्यायचं नाही. "असं काय झालं एवढं?" नाही, "माझ्या वेळी तर..." नाही. म्हणायचं ते इतकंच: "बरं झालं सांगितलंस. कधीपासून होतंय हे?" आणि गप्प राहायचं, मूल थांबलं तरी दहा सेकंद थांबायचं. जगावंसं वाटत नाही असं काही आलं तर सरळ विचारायचं: "मरून जावं असे विचार येतात का? काही ठरवलंयस का?" उत्तर "हो" असेल तर तिथून पुढे मूल एकटं राहता कामा नये, स्वच्छतागृहापर्यंतही सोबत. समुपदेशक, मुख्याध्यापक, मग पालक, या क्रमाने त्याच दिवशी. मुलाला पालकांच्या हातात समक्ष द्यायचं. घरात औषधं, कीटकनाशकं, धारदार वस्तू कुलपात ठेवायला सांगायचं आणि जवळच्या डॉक्टरांची वेळ तिथेच ठरवायची. पालकच त्रास देणारे असतील तर त्यांना फोन करायचा नाही. बालसंरक्षणाच्या यंत्रणेला कळवायचं.

वेळ घालून मुलाचेच शब्द लिहून ठेवा, आपला अर्थ लावू नका. मूल परत येईल त्या सकाळी दारात कोण भेटणार हे आधी ठरवा. आणि निकालाचा दुसरा दिवस व मोठ्या सुट्टीचा पहिला आठवडा, या दोन्ही वेळी समुपदेशकाची रजा मंजूर करू नका.