आबांचं कुस्तीचं निवेदन एमपीफोर केल्यावर गायब झालं

मंगळवार पेठ
आमचे आबा कुस्त्यांचं निवेदन करायचे. २००८ साली खासबाग मैदानात भावानं अगदी त्यांच्या समोर बसून शूटिंग केलं. छोट्या डीव्हीडीवर रेकॉर्ड करणारा कॅमेरा होता. आबा जाऊन चार वर्षं झाली, त्यांचा आवाज असलेली घरात ही एकच डिस्क. परवा एका दुकानातून तिची एमपीफोर करून आणली. चित्र झकास, हलगी कडाडतीय, पब्लिकच्या शिट्ट्याही येतात. आबांचा आवाज मात्र विहिरीतून आल्यासारखा. ‘पोकळ घिस्सा!’ असं डावाचं नाव घेताना त्यांचा हात वर जातो, शब्द येतच नाही. दुकानदार म्हणतो रेकॉर्डिंगच तसलं. पण जुन्या प्लेअरवर आम्ही स्वच्छ ऐकलंय. आईला श्राद्धाला मोबाईलवर ऐकवायचंय. एमपीफोर परत कन्व्हर्ट केली तर आवाज येईल का?

राजारामपुरीतला एडिटर
ताई, त्या फाईलीतनं गेलेलं त्यातनं परत येत नाही. डिस्क आहे ना, मग काही बिघडलं नाही. असले काही कॅमेरे डॉल्बी डिजिटल ५.१ आवाज घ्यायचे. समोरच्या माणसाचं बोलणं मधल्या सेंटर चॅनेलमध्ये, गलका डाव्या-उजव्या आणि मागच्या चॅनेलांत. दुकानात बहुतेक फक्त डावं-उजवं उचललंय. डिस्कवरची व्हीओबी, म्हणजे चित्र-आवाजाची फाईल, कॉम्प्युटरवर व्हीएलसी प्लेअरमध्ये लावा, टूल्समध्ये कोडेक इन्फर्मेशन बघा. चॅनेल्ससमोर ‘३एफ२आर/एलएफई’ असेल तर तेच: पुढचे तीन, मागचे दोन, एक खर्जाचा.

मंगळवार पेठ
तेच लिहिलंय! आता काय करू?

राजारामपुरीतला एडिटर
एफएफएमपेग या कन्व्हर्ट करायच्या प्रोग्रॅमनं व्हीओबीची एमकेव्ही फाईल करा, चित्र आणि आवाज दोन्ही ‘कॉपी’वर ठेवून. नुसतं वेष्टन बदलतं, आतलं जसंच्या तसं राहतं. ती मूळ प्रत म्हणून जपा. मोबाईलसाठी वेगळी एमपीफोर, आवाज एएसी प्रकारात, स्टिरिओ म्हणजे दोन चॅनेलचा. सहाचे दोन चॅनेल करताना एफएफएमपेग सेंटर दोन्हीकडं मिसळतं. एमपीफोरमध्ये डॉल्बीचा आवाज तसाच कॉपी करू नका, बऱ्याच मोबाईलवर नुसतं चित्र दिसतं.

शाहूपुरी
त्याआधी अख्खी डिस्क कॉम्प्युटरवर उतरवा, घरी रेकॉर्ड केलेल्या डीव्हीडीचा भरवसा नसतो. आणि दुसरी व्हीओबी विसरू नका. साधारण एक जीबी झालं की पुढचं तिच्यात जातं.

मंगळवार पेठ
झालं! काल आईनं तीनदा लावायला सांगितलं. घिस्स्याच्या आधी आबा हलकंसं खाकरतात, तेसुद्धा ऐकू आलं.