चिल्लरमधलं 'एरर' नाणं की नुसतंच ठेचलेलं? कसं ओळखायचं, सल्ला हवाय

नवखी_संग्राहक
नमस्कार मंडळी. सुट्ट्या पैशांच्या डब्यातून चार नाणी बाजूला काढून ठेवली आहेत. पहिल्यावर छाप्याच्या बाजूला काठापासून आत गेलेली बारीक रेघ आहे. दुसऱ्यावर सालाचे आकडे दुहेरी दिसतात. तिसऱ्याची कड जाड होऊन आत वळल्यासारखी झालीय आणि नाणं त्याच प्रकारच्या इतर नाण्यांपेक्षा जरा लहान भरतं. चौथ्यावरचं एक अक्षर गायब आहे. व्हिडिओ बघावेत तर त्यात सगळंच 'दुर्मिळ'! टांकसाळीतली चूक कुठली आणि नंतर झालेली मोडतोड कुठली, हे घरच्या घरी कळू शकतं का? भिंग कुठलं घ्यावं?

भिंगवाले_काका
कळतं की. फक्त नाणं बनतं कसं ते आधी डोक्यात पक्कं हवं. पत्र्यातून चकती कापतात, तिची कड दाबून उचलतात, मग कॉलरच्या कड्यात बसवून दोन ठशांमध्ये एका दणक्यात छापतात. खरी चूक या टप्प्यांपैकी कुठेतरी बसलीच पाहिजे. 'हे यंत्रानं कसं केलं असेल?' याचं उत्तर सापडत नसेल, तर बहुतेक वेळा ते यंत्रानं केलेलंच नसतं.

तुमच्या रेघेवर दिव्याचा उजेड आडवा पाडा आणि नाणं हळूहळू फिरवा. रेघ उंचावलेली आहे की खाचेसारखी आत गेलीय? ठशावर चित्र उलटं आणि खोल असतं. दणके खाऊन ठशाला तडा गेला की छापताना धातू त्या तड्यात शिरतो, म्हणून नाण्यावर उंच रेघ उमटते. अशी रेघ नागमोडी जाते आणि बऱ्याचदा काठाला भिडलेली असते. ओरखड्याचं उलटं. तो खोल असतो आणि नांगराच्या तासाला दोन्हीकडे माती उठावी तसा त्याच्या कडेला धातू उठलेला दिसतो.

टणत्कार
म्हणजे सोपा नियम झाला ना काका? उंच ते टांकसाळीचं, खोल ते नंतरचं.

भिंगवाले_काका
नव्वद टक्के वेळा चालेल, पण त्याच्यावर पैसे लावू नका. छापताना ठसा आणि चकती यांच्यात दोरा, तारेचा तुकडा किंवा वंगण अडकलं तर खूण खोलच उमटते, तरी ती खरी चूक. आणि डाखाचा थेंब किंवा वाळलेला गोंद उंच असतो, त्याचा टांकसाळीशी काही संबंध नाही. ठशाच्या काठाचा तुकडाच उडाला तर नाण्याच्या कडेला सपाट ढेकूळ येतं. तेव्हा नाणं उलटून नेमकी त्याच्या मागची जागा बघायची. धातू त्या पोकळीकडे धावलेला असतो, त्यामुळे मागचं चित्र तिथे फिकट उठतं. डाख लावणाऱ्याला हे जमत नाही.

ठसठशीत
दुहेरी आकड्यांवर मी लिहितो, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. अमेरिकेचं १९५५ सालचं दुहेरी ठशाचं एक सेंटचं नाणं प्रसिद्ध आहे. तेव्हा ठसा घडवताना त्यावर 'हब', म्हणजे उठावाचं चित्र असलेला मूळ साचा, एकाहून जास्त वेळा दाबत. दोन दाबांच्या मध्ये तो किंचित फिरला, म्हणून ठशावरच अक्षरं दुहेरी उमटली आणि त्या ठशाचं प्रत्येक नाणं तसंच निघालं. अशा नाण्यावर दोन्ही प्रतिमा गोलसर आणि पूर्ण उठावाच्या असतात, अक्षरांच्या टोकांना स्पष्ट फाटा फुटलेला दिसतो आणि अक्षर एकूण रुंद होतं.

चिल्लरमध्ये जे सर्रास मिळतं ते वेगळं. ठसा सैल असला की दणका बसल्यावर तो जरासा सरकतो आणि छापलेल्या आकड्याची बाजू चेपतो. मग आकड्याला लागून एक बुटकी, सपाट, चकचकीत पायरी दिसते आणि मूळ आकडा उलट बारीक होतो. घडतं टांकसाळीतच, पण संग्राहक त्याला किंमत देत नाहीत. मुलामा दिलेल्या नाण्यांवर अक्षरांच्या कडेला मुलामा फाटून आतला धातू डोकावतो, तोही दुहेरीपणाचा भास करून देतो.

वजनकाटा
भिंगाआधी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा घ्या, माझं हे ठाम मत आहे. आणि एक लोहचुंबक. १९४३ साली अमेरिकेत एक सेंटची नाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची होती, पण काही चुकून कांस्याच्या चकत्यांवर छापली गेली. ती अतिशय मोलाची. मग लोकांनी पोलादी नाण्यांनाच तांब्याचा मुलामा चढवला! चुंबक लावला की सोंग उतरतं, कारण कांस्य चिकटत नाही. वजनही बोलतं: पोलादी २.७ ग्रॅम, कांस्याचं ३.१ च्या आसपास.

तुमचं तिसरं नाणं तोला. छोट्या चकतीवर चुकून छापलेलं असेल तर वजनात मोठी तफावत येईल आणि मजकूर काठाशी तुटलेला असेल. वजन जवळपास बरोबर, अक्षरं शाबूत आणि कड मात्र जाड व आत दुमडलेली असेल, तर ते कपडे वाळवायच्या यंत्राच्या फटीत अडकून गरगर आपटत राहिलेलं नाणं. आणि वजन कमी, सगळं चित्र सारखंच झिजून पुसट, तर आम्लात बुडवलेलं.

टणत्कार
काठाचा अर्धगोल तुकडाच नसेल तर? माझ्याकडे एक आहे.

ठसठशीत
चंद्रकोरीसारखी कापलेली चकती का? तुकडा जिथे नाही त्याच्या बरोबर समोरची कड बघ. कड उचलताना तिथे पुरता दाब बसत नाही, म्हणून ती समोरची कड बसकी, पुसट होते. याला ब्लेक्सली परिणाम म्हणतात. शिवाय कापाजवळची अक्षरं त्या बाजूला ओढल्यासारखी दिसतात. कानशीनं घासलेल्या नाण्यात समोरची कड ठणठणीत असते आणि घासलेल्या जागी समांतर ओरखडे.

भिंगवाले_काका
भिंग १० पटीचं घ्या, बास. संगणकाला जोडायच्या सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक टवका हिमालय वाटतो आणि तिथूनच 'दुर्मिळ'चा ताप चढतो. आणि कृपा करून नाणी घासूपुसू नका, चिंच नको की टूथपेस्ट नको.

नवखी_संग्राहक
सगळ्यांचे आभार! तपासलं. रेघ उंच आहे, काठापर्यंत गेलीय. आकड्यांना सपाट पायरी आहे. जाड कडेच्या नाण्याचं वजन बरोबर भरलं. चौथ्यावर अक्षराच्या जागी अगदी पुसट सावली आहे, शेजारचं अक्षरही अर्धवट उठलंय, पण तिथे ओरखडे दिसत नाहीत.

भिंगवाले_काका
पहिलं तड्याचंच, जपून ठेवा. दुसरं आणि तिसरं खुशाल खर्चा. चौथ्यात ठशाच्या खाचेत वंगण भरलेलं दिसतंय. नाणं हलकेच तिरपं करून बघा, त्या रिकाम्या जागेवरची झळाळी आजूबाजूच्या सपाट भागासारखीच अखंड फिरते का. अक्षर नंतर तासलेलं असेल तर तिथे झळाळी तुटते. आडव्या उजेडात फोटो काढून इथे टाका, दोन्ही बाजूंचे.